दारामागचं खातं

आमच्या रुग्णालयात टाके घालणारी माणसं दोन प्रकारची. एक वरच्या मजल्यावरची. ती हिरवे डगले घालून माणसांना टाके घालतात, त्यांच्या नावाच्या पाट्या असतात आणि त्यांच्या गाड्यांना सावलीतली जागा राखून ठेवलेली असते. दुसरं माणूस एकच, आणि ते तळघरात बसतं. ते चादरींना, उशांच्या अभ्र्यांना आणि त्याच हिरव्या डगल्यांना टाके घालतं. तिला सगळे टाकेताई म्हणतात. तिचं खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक असेल, बाकी कुणाला विचारून बघा, डोकं खाजवतील.

मी तिच्या शेजारच्या मशीनवर बसते. नवे अभ्रे शिवणं माझं काम, जुन्याची दुरुस्ती तिचं. ती मला मिरची म्हणते, कारण माझं डोकं लवकर तापतं. तापतं, मी नाही म्हणत नाही. पण ही हकीकत ऐकून ज्याचं डोकं तापणार नाही, त्यानं आपलं डोकं जागेवर आहे ना, हे एकदा चाचपून बघावं.

आमची खोली लांबट आहे. छताला लागून गरम पाण्याचे पाइप गेलेत आणि खिडक्या इतक्या वर आहेत की बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. एका बाजूला धुलाईखान्याचं दार, ते उघडलं की वाफ आत येते आणि चष्मे आंधळे होतात. मधल्या टेबलाखाली एक मोठी वेताची टोपली. धुलाईतून फाटकी चादर आली की ती या टोपलीत पडते. टाकेताई ती काढते, उजेडाला धरते, फाटलंय त्याच्या आजूबाजूला किती विरलंय ते बोटांनी बघते आणि मग ठिगळ लावते. दुरुस्त झालेली चादर धुऊन, इस्त्री होऊन पुन्हा त्याच गठ्ठ्यात जाते, कोऱ्या चादरींच्या बरोबरीनं. ही एकदा फाटली होती म्हणून तिला कुणी वेगळ्या फळीवर ठेवत नाही. हे मला फार आवडतं. बाहेरच्या जगात असं होत नाही, ते आता सांगते.

पूर्वी आमचा पगार खिडकीवर मिळायचा. रोखपाल पाकीट सरकवायचा, आपण सही करायची, पाकीट छातीशी धरून खाली यायचं. एक दिवस खिडकीवर कागद चिकटला की यापुढं खिडकी बंद, पगार ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जमा होईल. आम्हा बाकीच्यांना काही वाटलं नाही. सगळ्यांची खाती होतीच. टाकेताई मात्र त्या कागदासमोर उभी राहिली ती हलेचना.

"ताई, चल की. चहा निवतोय," मी म्हटलं.

"मला बँकेत खातं मिळत नाही गं," ती म्हणाली. असं म्हणाली, जसं काही ती कुणाचा तरी खून करून आली होती.

तेव्हा मला सगळं कळलं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता त्या काळातली गोष्ट. धाकटा दीर घरी आला, भावाच्या उशाशी बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, तुमची नोकरी कायमची, तुमचं नाव चांगलं. टेम्पोचं कर्ज तुमच्या नावावर काढू. हप्ते मी भरीन, तुम्हाला तोशीस लागू देणार नाही." हिनं सही केली. सुरुवातीचे थोडे हप्ते त्यानं भरले. मग धंदा बसला म्हणाला, मग टेम्पो बिघडला म्हणाला, मग टेम्पो विकून मोकळा झाला आणि हात वर केले. वसुलीची माणसं आली ती थेट आमच्या तळघरात. सगळ्यांसमोर तिच्या मशीनजवळ उभी राहिली. तेव्हा मी नव्हते इथं, म्हणून वाचली ती माणसं.

टाकेताईनं ते कर्ज फेडलं. नवरा गेला त्यानंतरही फेडत राहिली, सगळं, व्याजासकट. ज्यात ती कधी बसलीही नाही त्या टेम्पोचे पैसे तिनं चालत कामावर येऊन फेडले. पण हप्ते थकले होते एवढं बँकांच्या यंत्रात बसलं ते बसलं. कर्ज फिटलं, डाग राहिला. आणि ज्यानं बुडवलं त्याचं नाव त्यात कुठंच नाही! तो कागदोपत्री धुतल्या तांदळासारखा. त्याच्याकडे चकचकीत कार्ड आहे, बँकेतून त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात.

आता हिनं पुढं काय करावं? दुसरी कुणी असती तर बँकेच्या दारात जाऊन भांडली असती. हिनं स्वतःला फाटक्यांच्या टोपलीत टाकून घेतलं. आपलं नाव खराब झालंय, तेव्हा आपण चांगल्या जागी जायचं नाही, गप्प बसायचं, कधीतरी आपोआप नीट होईल. चादरींच्या बाबतीत तिला पक्कं ठाऊक होतं की टोपलीत पडून राहिलेली चादर आपोआप शिवली जात नाही. स्वतःच्या बाबतीत ते तिच्या ध्यानातच आलं नाही. खिडकीवर पाकीट मिळत होतं तोवर निभावलं.

खिडकी बंद झाली तेव्हा आमच्या हिशेबनीसानं तोडगा काढला. जवळच्या नातेवाइकाच्या खात्यात पगार जमा करू, फक्त संमती लिहून द्या. मी म्हटलं, "माझ्या खात्यात घाला."

"तुम्ही नातेवाईक आहात का?"

"नातेवाइकापेक्षा बरी आहे."

"मग चालणार नाही," तो म्हणाला. नियम म्हणे. टाकेताईला मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलेलं नाही. नातेवाईक म्हणून राहिला कोण? तोच. टेम्पोवाला.

त्याला किती आनंद झाला म्हणून सांगू! "वहिनी, त्यात काय विचारायचं? माझं खातं ते तुमचंच." आणि लगेच खात्याचा नंबर सुवाच्य अक्षरात लिहून दिला. हप्ते भरायच्या वेळी या माणसाला पेन सापडत नव्हतं.

तेव्हापासून हे सुरू झालं. पगार झाला की टाकेताईनं संध्याकाळी दिराच्या घरी जायचं. तो सोफ्यावर टीव्हीसमोर बसलेला. ही दारात. आपल्याच घामाच्या पैशांसाठी हात पसरायचा आणि तो विचारणार, "कशाला लागतात?" किराण्याला, ती सांगायची. "किराणा एवढा?" भाड्याला. "भाडं तर परवाच दिलंत ना?" तो वाईट बोलत नसे, आवाज चढवत नसे. तेच मला जास्त झोंबायचं. एखाद्या लहान पोरीला खाऊला पैसे द्यावेत तसे तो नोटा मोजून तिच्या हातावर ठेवायचा आणि वर म्हणायचा, "जपून वापरा हं वहिनी."

एकदा मी तिच्याबरोबर गेले होते. तेवढं एकदाच. परत येताना रस्ताभर मी दात-ओठ खात होते आणि ती माझी समजूत घालत होती, जसं काही फसवणूक माझी झाली होती.

हे असंच किती दिवस चाललं असतं कोण जाणे, पण तिचे डोळे आडवे आले. सुईत दोरा ओवायला ती माझ्याकडे यायला लागली. आधी हसत यायची, मग न बोलता. हिरव्यावर हिरवा दोरा दिसेनासा झाला. बोटांना सुया टोचायला लागल्या. आणि एक दिवस वरून डगला परत आला. ऐन शस्त्रक्रियेत डॉक्टरांच्या पाठीमागचा बंद उसवून हातात आला होता. आमच्या खात्याची मुख्य बाई कडक आहे, पण दुष्ट नाही. ती टाकेताईला बाजूला घेऊन म्हणाली, "नवा चष्मा करून घ्या. नाहीतर मला तुम्हाला धुलाईखान्यात पाठवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

धुलाईखाना म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळणार नाही. ओल्या चादरींचं गाठोडं एका माणसाच्या वजनाचं असतं. तरण्याताठ्या बायकांच्या कमरा तिथं कामातून जातात. टाकेताईला तिथं पाठवणं म्हणजे घरी पाठवणं.

तिनं दिराकडे चष्म्याचे पैसे मागितले.

"कशाला लागतात? चष्मा आहे की डोळ्यांवर," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात म्हणाला, "या महिन्यात माझीच जरा ओढाताण आहे वहिनी."

माझीच ओढाताण! म्हणजे हिचा पगार तो स्वतःच्या घरात खर्च करत होता आणि ते तोंडानं सांगायलाही त्याला काही वाटत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टाकेताईला म्हटलं, "उद्या आपण बँकेत जायचं. तू आली नाहीस तर मी एकटी जाईन आणि काय बोलेन त्याचा भरवसा नाही." या धमकीला ती घाबरली आणि आली.

रुग्णालयाच्या फाटकासमोरच एक बँक आहे. टेबलामागच्या टायवाल्या साहेबानं टाकेताईचा ओळखपत्राचा नंबर टिपला, कळा बडवल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग दुर्गंधी यावी तशी मान मागं घेऊन म्हणाला, "तुमचा रेकॉर्ड खराब आहे."

"आम्ही कर्ज मागतोय का?" मी विचारलं. "आम्हाला पैसे ठेवायचेत. न्यायचे नाहीत."

"सिस्टीम घेत नाही."

"सिस्टीम म्हणजे कोण? बोलवा तिला बाहेर, मी बोलते."

टाकेताईनं माझा दंड धरून मला रस्त्यावर आणलं. तिचे कान लाल झाले होते. मी तिला म्हटलं, लाज त्याला वाटायला हवी. ती म्हणाली, "त्याचं काय चुकलं? दिसतंय तेच बोलला." इथं मी फाटकाच्या खांबाला लाथ मारली आणि दोन दिवस लंगडले.

दुसरी बँक दोन चौक पुढं, वळणावर. तिथला एसी बिघडलेला होता, म्हणून काचेचं दार सताड उघडं ठेवून खाली लाकडी पाचर ठोकलेली होती. आत एक गोड आवाजाची बाई. "या मॅडम, बसा मॅडम." पाणी दिलं. हिनंही यंत्रात बघितलं, पण आठ्या घातल्या नाहीत. उलट हसली. "काही काळजी करू नका मॅडम. तुमच्यासारख्यांसाठी आमच्याकडे खास खातं आहे."

ते खास खातं म्हणजे काय, तर दर महिन्याला खातं ठेवण्याचे पैसे द्यायचे. वर विमा, तो सक्तीचा. कार्डाचे पैसे वेगळे, मोबाइलवर निरोप येणार त्याचे वेगळे, आणि शिल्लक ठरावीक रकमेच्या खाली गेली तर दंड. ज्याच्याकडे शिल्लक राहत नाही त्यालाच शिल्लक नसल्याचा दंड! ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला मला एकदा भेटायचंय.

"पण यानं मॅडमचं नाव हळूहळू सुधारेल," गोड बाई म्हणाली.

टाकेताईनं पेन उचललं.

मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. कामाची पाळी सुरू व्हायची वेळ झाली, उद्या येतो, असं सांगून तिला ओढत बाहेर काढलं. "अगं, पगाराचा केवढा तुकडा तोडून देणार आहेस त्यांना! का म्हणून?"

"असू दे गं मिरचे. आपलं नाव खराब म्हटल्यावर आपल्याला जास्तच पडणार ना?"

बघा. टेम्पो बुडवणाऱ्याचा राग आला, टायवाल्याचा आला, गोड बाईचाही आला. पण सगळ्यांत जास्त राग मला या वाक्याचा आला. कारण हे वाक्य तिचं नव्हतंच. सगळ्यांनी मिळून ते तिच्या तोंडात घातलं होतं आणि ती ते इमानदारीनं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सही करायचीच असं ठरवून निघाली. दिराच्या दारात उभं राहण्यापेक्षा दंड भरलेला बरा, हे तिचं म्हणणं. मी बरोबर गेले ते तिला अडवायला. आम्ही जरा लवकर पोचलो. बँक उघडायची होती. काचेचं दार बंद, आत दिवे लागलेले, रखवालदार पाण्याच्या पिंपाशी. करायला काही नव्हतं म्हणून मी दाराशेजारच्या काचेला नाक लावून आत बघत उभी राहिले.

दाराच्या अगदी आतल्या बाजूच्या भिंतीवर एक पाटी होती. काल ती मी पाहिली नव्हती.

"काय गं एवढं वाचतेस?" टाकेताईनं विचारलं. तिला ती पाटी म्हणजे भिंतीवरचा पांढरा चौकोन दिसत होता, बाकी काही नाही.

मी वाचून दाखवलं. मूलभूत बचत खाते. किमान शिल्लक आवश्यक नाही. मासिक शुल्क नाही. पूर्वीच्या कर्जाची स्थिती विचारात घेतली जाणार नाही. मागणी करणाऱ्या प्रत्येकास हे खाते उघडून देणे शाखेवर बंधनकारक आहे.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"प्रत्येकास म्हणजे?"

"म्हणजे तुलासुद्धा, ताई."

ती काचेला हात लावून उभी राहिली. तेवढ्यात रखवालदार आला, कुलूप काढलं, दार आत ढकललं ते पार भिंतीला टेकेपर्यंत, आणि पायानं पाचर सारली. दारावर बँकेची मोठीच्या मोठी जाहिरात चिकटवलेली होती, हसणारं कुटुंब आणि नवी मोटार. पाटी त्या कुटुंबाच्या मागं गेली. बँक बंद असताना वाचता येईल आणि उघडी असताना दिसणार नाही, अशा जागी त्यांनी ती लावली होती. लावायची सक्ती असेल, लावली. आम्ही कुठं नाही म्हटलं, असं म्हणायला मोकळे.

गोड बाईनं कागद तयारच ठेवले होते. सहीच्या जागांवर फुल्यासुद्धा मारल्या होत्या. मी तोंड उघडणार, तर टाकेताईनं टेबलाखालून माझा हात दाबला.

"मला साधं खातं हवंय," ती म्हणाली. "शिल्लक नाही ठेवली तरी चालणारं. महिन्याचे पैसे न घेणारं."

"तसं काही आमच्या शाखेत नाही हो मावशी."

काल मॅडम होती, आज मावशी झाली. एका रात्रीत.

टाकेताई उठली. मला वाटलं, झालं, ही आता बाहेर पडणार आणि पुन्हा टोपलीत जाऊन बसणार. ती दाराकडे गेली. वाकली. दोन्ही हातांनी ओढून ती लाकडी पाचर काढली आणि दार लावून टाकलं.

"अहो बाई, दार का लावताय? कामकाज चालू आहे!" रखवालदार धावला.

"एक मिनिटभर लावते दादा," ती म्हणाली. "तुमची पाटी दारामागं अडकलीय, ती मोकळी करते."

आत रांगेत दहा-बारा माणसं होती. सगळ्यांच्या माना वळल्या. एका पेन्शनवाल्या आजोबांनी चष्मा वर-खाली करत पाटी मोठ्यानं वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शाळेत धडा वाचावा तशी. मग ते वळले आणि खिडकीवरच्या माणसाला म्हणाले, "मासिक शुल्क नाही? मग माझ्याकडून दर महिन्याला कापता ते कशाचे?" खिडकीवरचा माणूस शिक्क्याची शाई नीट करायला लागला. रांगेतली एक बाई म्हणाली, माझेही कापतात. आणखी एक जण म्हणाला, मलाही असं खातं नाही म्हणून सांगितलं होतं. दार बंद, एसी बंद, आणि सगळे एकदम बोलायला लागलेले. इतकं गरम झालं की शेवटी आतल्या खोलीतून व्यवस्थापक बाहेर आला.

त्यानं आम्हाला खोलीत नेऊन बसवलं. माणूस शिकलेला, बोलायला मऊ. "हे बघा, खातं आहे. नाही असं नाही. पण आम्ही ते सुचवत नाही, कारण तुमचंच नुकसान होतं. यात चेकबुक मिळत नाही. यावर कर्ज मिळत नाही. खात्यात पैसे संपले की संपले, शिल्लकीपेक्षा जास्त उचलता येत नाही. शेवटी हे अगदीच गरजू लोकांसाठी असतं. उद्या तुम्हालाच कमीपणा वाटेल."

मी तापले होते, पण मला बोलायची वेळच आली नाही.

"कमीपणा?" टाकेताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "साहेब, मी महिनाभर राबते आणि माझ्याच पगारासाठी दुसऱ्याच्या दारात उभी राहते. तिथं मला विचारतात, पैसे कशाला लागतात. त्याच्यापेक्षा कमीपणा तुमच्या बँकेत आहे का काही? असेल तर दाखवा. कर्ज नाही मिळत म्हणता, तर फारच बरं झालं. एकदा मिळालं होतं. चेक मी कुणाला लिहिणार? पैसे संपले की संपले म्हणता, माझे नेहमी तसेच संपतात, मला सवय आहे. मला फक्त माझा पगार येऊन पडायला माझी जागा हवीय. एवढीच. आणि ती द्यायची असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय, तर कालपासून मला खेळवलं का?"

शेवटचं वाक्य बोलताना ती रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, नवऱ्याच्या आठवणीनंही नाही. व्यवस्थापक टेबलावरचा कागददाब इकडून तिकडं सरकवत बसला. मग त्यानं घंटी वाजवली आणि गोड बाईला म्हणाला, "यांचं साधं खातं उघडा."

"सर, पण या महिन्याचं आपलं टार्गेट..." ती म्हणाली आणि आमच्याकडे बघून थांबली.

तिच्याबद्दल मी पुढं पुष्कळ विचार केला. तिलाही कुणीतरी वरून दटावत असेल. असेल. पण दटावणारे वरचे आणि भरणारी आमची टाकेताई, हे वाटप मला मान्य नाही, आणि कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी होणार नाही.

खातं उघडलं. एक साधं कार्ड, त्यावर मोटार नाही, सोनेरी पट्टी नाही. टाकेताईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि वरच्या उठावाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचं खरं नाव तिथं होतं. त्याच दुपारी ती हिशेबनीसाकडे गेली, दिराच्या नावे दिलेली संमती परत घेतली आणि नवा नंबर दिला. "दिरांना कळवायचं का?" त्यानं विचारलं. "कळेल," ती म्हणाली.

त्या बँकेची पाचर म्हणाल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जागच्या जागी होती. मी त्या बाजूला गेले की आत डोकावते आणि पायानं ती काढते. रखवालदार आता मला ओळखतो. मी वळणावर दिसले की तो आधीच कपाळाला हात लावतो.

पगाराच्या दिवशी दुपारी टाकेताईचा मोबाइल मशीनच्या फळीवर थरथरला. तिला अक्षरं दिसेनात, म्हणून तिनं तो माझ्यापुढं धरला. पगार जमा झाल्याचा निरोप होता. मी वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग तिनं धुलाईखान्याचं दार लावून घेतलं, कारण मशीनच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नव्हतं, आणि मी तिसऱ्यांदा वाचला.

संध्याकाळी काम आवरत होतो तेव्हा फोन आला. दीर. तिला हल्ली कानाशी धरून ऐकू येत नाही, म्हणून ती फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं बोलते. मी चोरून ऐकलं नाही, ते मला ऐकू आलंच.

"वहिनी, पगार झाला नाही वाटतं अजून तुमचा?"

"झाला की भाऊजी."

"माझ्याकडे तर काहीच दिसत नाहीये."

"तुमच्याकडे नाही दिसणार. माझ्या खात्यात आला."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला. मग तो दुखावल्यासारखा म्हणाला, "वेगळं खातं? मी होतो ना! तुम्हाला वेगळं खातं कशाला लागतं?"

टाकेताईनं हातातली कात्री खाली ठेवली.

"कशाला लागतं ते कुणाला सांगावं लागू नये, म्हणून," ती म्हणाली. फोन बंद करून तिनं पिशवीत टाकला, मशीनवर झाकण घातलं आणि मला विचारलं, "मिरचे, ते चष्म्याचं दुकान किती वाजता बंद होतं गं?"